नागपूरच्या बेसा-पिपळा रोडचं जिवंत मासोळीचं दुकान: भाव जास्त आहे, पण कशाचा आहे ते बघा

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पाचपैकी चार. अर्धा स्टार रविवारच्या गोंधळाचा कापला आणि अर्धा मरळीच्या टबाचा, दोन्हीबद्दल खाली लिहिते. ज्यांना फक्त भाव पाहिजे त्यांच्यासाठी: जिवंत रोहू 260 रुपये किलो, कटला 280, कटिंगचे 30 वेगळे. बाजारात बर्फातला आंध्राचा रोहू सध्या 180-200 ला मिळून राहिला, म्हणजे किलोमागं साठ-सत्तर तरी जास्त जातात. इतके कशाला द्यायचे, हाच प्रश्न मला घरून विचारला गेला, म्हणून एवढं लांबलचक लिहून राहिली.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, भावाच्या सोसायटीकडे एका मामा तलावाचा ठेका आहे, त्यामुळे मासोळीच्या बाबतीत मला कोणी सहज शेंडी लावू शकत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात जुन्या काळचे हजारो आहेत. तर लहानपणापासून मासोळी पाण्यातून निघताना बघितली आहे, विकताना बघितली आहे, आणि खरं सांगायचं तं कापताना तिचं काय होते याचा विचार करणारं दुकान नागपुरात मला पहिल्यांदाच दिसलं.

दुकान बाहेरून काहीच नाही. हार्डवेअरच्या बाजूचं शटर, वर फ्लेक्स, फ्लेक्सवर एक मासोळी हसून राहिली (ती कोणत्या जातीची आहे ते मालकालाही सांगता आलं नाही). आत टाइल्सचे तीन हौद, वर एअर पंपाच्या नळ्या, पाणी चांगलं स्वच्छ, तळ दिसते. एकात रोहू-कटला, एकात सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि ग्रास कार्प, तिसरा बहुतेक रिकामा ठेवतात, रात्री गाडी आली की त्याच्यात उतरवतात. मालकाचे स्वतःचे तलाव कुही-मांढळ साइडला आहेत. मासोळी आणायच्या आदल्या दिवशी तिला खायला घालत नाहीत, पोट रिकामं करूनच गाडीत भरतात, आणि गाडी रात्रीच निघते. हे मला पटलं कारण याच्यामागं कारण आहे. भरल्या पोटाची मासोळी टाकीत घाण करते, त्या घाणीतून अमोनिया होते, आणि तेवढ्याशा पाण्यात अमोनिया वाढला की तिचे गलफडे (कल्ले) जळतात. रात्री यासाठी की थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावते, 20 डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम, तेच 30 डिग्रीला साडेसातवर येते. आता आपल्या नागपूरचा मे महिना डोक्यात घ्या, पंचेचाळीस डिग्रीत दुपारी उघड्या टेम्पोत निळ्या ड्रममधून जिवंत मासोळी आणणारे मी बघितले आहेत, ती दुकानात पोचते तेव्हा जिवंत या शब्दालाच अर्थ नसते.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मासोळी पसंत केली की पोट्टा हातजाळीनं ती एकच मासोळी काढतो, चार-पाच उचलून फरशीवर आपटून त्यातली एक निवडणं असला प्रकार नाही. ओट्यावर ओलं बारदान अंथरलेलं असते. मासोळी त्यावर, बारदानाचा पदर डोळ्यांवरून, एका हातानं दाबून धरली, आणि लाकडी दांडक्यानं डोळ्यांच्या जरा मागं डोक्यावर एकच ठोका. टक्. मग पदर बाजूला करून दोन गोष्टी बघतो. गलफडं उघडझाप करून राहिलं का, आणि मासोळीला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलती केली तर डोळा फिरते का. शुद्धीत असली की आपण तिला कलती केल्यावर तिचं बुबूळ उलट्या बाजूला फिरते, नजर जागेवर ठेवायला बघते. बेशुद्ध झाली की डोळा बाहुलीच्या डोळ्यासारखा अंगाबरोबर जाते. फिरला तर दुसरा ठोका. नाही फिरला तर लगेच गलफड्याच्या आतली नस कापून बादलीत रक्त सोडतात, आणि मगच खवले.

मी उभी राहून हे सगळं बघितलं कारण मला वाटलं हे पहिल्या गिऱ्हाइकाला दाखवायचं नाटक असेल. नव्हतं. माझ्या मागच्या बाईंनी फोनमध्ये डोकं घातलं होतं, कोणाचंच लक्ष नव्हतं, तरी त्यानं डोळा तपासलाच.

आता इतर ठिकाणी काय चालते ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे, फक्त बघितलं नाही असं दाखवतो. मासोळी तराजूत उड्या मारून राहिली असते, तिथून सरळ पाटावर, खवले काढायचं चालू, शेपटी आपटून राहिली, आणि गिऱ्हाईक कौतुकानं म्हणते, बघा किती ताजी आहे! पोट फाडेपर्यंत गलफडं हलते. मासोळी पाण्याबाहेर काढल्याबरोबर मरत नाही, बराच वेळ जिवंत राहते, आणि तो सगळा वेळ ती गुदमरत असते.

मासोळीला दुखते का हा प्रश्न आमच्या सासूबाईंनी विचारलाच, त्यांच्या भाषेत "मासोळीले काय समजते, तिच्या डोक्यात असते काय?" मी त्यांना जे सांगितलं तेच इथं सांगते. 2003 साली स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे डॉली मेंढी जिथं झाली तिथंच, लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट मासोळीवर प्रयोग केला. मासोळीच्या तोंडाजवळ इजा ओळखणाऱ्या नसा आहेत हे त्यांनी दाखवलं. ओठात व्हिनेगरसारखं ॲसिड टोचलं तर त्या मासोळ्या खाणं सोडून द्यायच्या, गलफडं जोरात चालायचं, आणि ओठ खालच्या रेतीवर घासायच्या. पुढं स्नेडन यांनीच त्यांना मॉर्फिन देऊन बघितलं तं हे सगळं कमी झालं. दुखतच नसतं तर दुखणं थांबवायच्या औषधानं फरक काहून पडला असता? आणि 2025 मध्ये एक अभ्यास आला, त्यात हिशोब असा की ट्राउट हवेत गुदमरून मरते तेव्हा सरासरी दहा मिनिटं तरी मध्यम ते तीव्र वेदना होतात, काही वेळा वीस मिनिटांच्या वर. सासूबाई म्हणाल्या बरं, पण रस्सा तिखट कर. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

बर्फाचं पण सांगते कारण खूप जण म्हणतात जिवंत मासोळी बर्फात टाकली की शांत मरते. शांत दिसते, कारण थंडीनं अंग हलत नाही. पण थंडीत सगळंच हळू होते, मरणंसुद्धा. जागतिक पशुआरोग्य संघटनेची जलचरांसाठी नियमावली आहे, त्यात पाळलेल्या मासोळीच्या वाहतुकीवर आणि मारायच्या पद्धतीवर वेगळी प्रकरणं आहेत, त्यात बर्फात गारठवणं, कार्बन डायऑक्साइड सोडणं, पाण्याबाहेर ठेवून मारणं या पद्धती वाईटात धरल्या आहेत, आणि डोक्यावर ठोका किंवा नीट मोजलेला विजेचा झटका या चांगल्यात. नॉर्वेत सामन मासोळीला आता मशीननंच ठोका देतात किंवा करंट. इथं कृपया कोणी घरच्या बोर्डाची वायर बादलीत टाकू नका हं, हे लिहायची गरज आहे कारण एका भाऊसाहेबांनी दुकानात उभं राहून हीच आयडिया दिली! त्यानं माणूस मरेल आधी, आणि चुकीच्या करंटनं मासोळी नुसती लुळी पडते, शुद्धीत राहून.

हौदाच्या वर एक पांढरा बोर्ड आहे, त्यावर मार्करनं रोज ऑक्सिजन, तापमान, पीएच लिहितात. मी गेली तेव्हा ऑक्सिजन 5.8, पीएच 7.6 लिहिलं होतं. कार्प जातीला (रोहू, कटला त्यातलेच) ऑक्सिजन पाचच्या वर असला की बरं चालते, पीएच साधारण सात ते साडेआठ, म्हणजे आकडे चांगलेच. पण वर तारीख गुरुवारची आणि मी उभी रविवारी! मालकाला दाखवलं तर म्हणाले ताई पोट्टा विसरला. मग मी विचारलं मोजता किती वाजता, म्हणाले सकाळी नऊ-साडेनऊला. हौदाला ते चालून जाईल, पंप चालू असते दिवसरात्र. पण तलावाचे आकडेसुद्धा ते त्याच वेळचे सांगत होते आणि तिथं मी थांबवलं. तलावात ऑक्सिजन सगळ्यात कमी असते ती पहाटे. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन बनवते, रात्री बनवणं बंद आणि ओढणं चालू, शेवाळही ओढते, मासोळीही, तळाचा गाळही. पहाटे चार-पाचला जे उरते तो खरा आकडा. नऊ वाजता ऊन चढलेलं असते, तेव्हा कोणत्याही तलावाचा आकडा सुधारलेलाच दिसणार. भावाकडे ढगाळ हवामान दोन-तीन दिवस राहिलं की तो रात्री झोपत नाही, बॅटरी घेऊन बांधावर फिरते, मासोळ्या वर येऊन तोंड उघडझाप करून राहिल्या का बघते, दिसल्या की पंप लावून पाणी उडवते. मालकांनी मान हलवली, पहाटे मोजायला माणूस लावतो म्हणाले. लावला का ते बोर्डवर दिसेल, तुम्ही जाल तेव्हा बघा आणि मला सांगा.

हे पाणी मोजायचं प्रकरण आपल्याकडे नवीन वाटते पण आंध्रात सुरू झालं आहे. एलुरू, कोल्लेरू तळ्याच्या आसपासचा जो पट्टा आहे, जिथून आपल्या नागपूरला थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून ट्रकनं रोहू-कटला येते, तिथं फिश वेल्फेअर इनिशिएटिव्ह नावाची संस्था शेतकऱ्यांच्या तलावात जाऊन ऑक्सिजन, पीएच, अमोनिया तपासते आणि बिघडलं असलं की काय करायचं ते सांगते, खाद्य थांबवा, पाणी बदला, एअरेटर (पाण्यात हवा मिसळायचं मशीन) लावा. 2019 ला सुरू झालेली संस्था आहे. शेतकऱ्याला त्यात तोटा काहीच नाही, पाणी बिघडलं की मासोळी खात नाही, आजारी पडते, तिच्यावर उवा पडतात (हो, मासोळीवर उवा असतात, रोहूवर तर फार, अंगावर लाल ठिपके दिसले की समजायचं), वजन भरत नाही. म्हणजे मासोळीची सोय आणि शेतकऱ्याचा फायदा बऱ्याच अंतरापर्यंत एकाच रस्त्यानं जातात. पुढं फाटा फुटते तो गर्दीवर. हेक्टरला पाच ते दहा हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडायची हे आपल्याकडचं जुनं गणित, पण खाद्य आणि एअरेटर वाढवून त्याच्या वर जाणारे आहेत, आणि ताडपत्रीच्या बायोफ्लॉक टाक्यांत (पाणी फारसं न बदलता जिवाणूंकडून घाण साफ करवायची पद्धत) तर एवढ्याशा पाण्यात एवढ्या मासोळ्या कोंबतात की लाइट गेली आणि जनरेटर नाही लागला तर काही तासांत अख्खी टाकी उलटी तरंगते. सबसिडीच्या नादात विदर्भात कितीतरी पोट्ट्यांनी टाक्या टाकल्या.

म्हणून मी इथं मुद्दाम विचारलं, भाऊ लाइट गेली तर? त्यांनी काउंटरच्या खाली वाकून इन्व्हर्टर दाखवला, फक्त एअर पंपांसाठी वेगळा, दुकानाचा पंखा त्याच्यावर नाही. पंखा मासोळीच्या नंतर! हे मला फार आवडलं. (मेमध्ये गिऱ्हाइकांना आवडेल का माहीत नाही.)

आता अर्ध्या स्टारचं. रविवारी साडेदहा-अकरानंतर जाऊ नका. शनिवारी रात्री हौद ठासून भरतात, रविवारी सकाळी पाणी गढूळ, मासोळ्या एकमेकांवर, पंपाच्या बुडबुड्यांजवळ गर्दी करून राहिलेल्या, त्यांचे पंख घासून फाटलेले दिसतात. आणि कापणारे दोघं, लाइन रस्त्यापर्यंत. मी उभी होती तेवढ्या वेळात तीन मासोळ्या बिना ठोक्याच्या सरळ पाटावर गेल्या, दांडकं बाजूला पडून. मी आवाज दिला तर पोट्टा म्हणाला, "ताई रविवार आहे नं." मालकांना विचारलं तं तेही खरं बोलले, म्हणाले लोक ओरडतात, टाइम लागते म्हणून निघून जातात. अरे पण ठोक्याला आणि डोळा बघायला मिळून दहा सेकंद लागत नाहीत, खवले काढायला पाच मिनिटं लागतात, टाइम कुठं जाते ते दिसूनच राहिलं नं. रविवारी एक माणूस फक्त ठोक्यासाठी ठेवा, त्याच्यासाठी अजून दहा रुपये लावा किलोला, मी देईन. ज्या गोष्टीसाठी जास्त भाव घेता तीच गोष्ट सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असते त्या दिवशी बंद, हे बरोबर नाही.

दुसरं मरळ. मरळीचा टब कोपऱ्यात आहे, प्लास्टिकचा, आणि मरळ उडी मारते म्हणून त्याच्यावर घट्ट झाकण, पाणी काठोकाठ. बरेच लोक समजतात मरळ, शिंगी, मांगूर या चिवट जाती, कशाही ठेवा जगतात. मरळ पाण्याबाहेर जगते कारण ती हवा घेते हे खरं, पण त्याची दुसरी बाजू अशी की तिला हवा घ्यावीच लागते. नुसत्या गलफड्यांवर तिचं भागत नाही, दर थोड्या वेळानं तिला वर येऊन घोट घ्यावा लागते, वर जागाच ठेवली नाही तर मासोळी असून पाण्यात बुडून मरते. मी झाकण उचललं तर एक पोट वर करून पडलेली होती. मालकांना सांगितलं, पाणी चार बोटं कमी ठेवा आणि झाकणाच्या जागी जाळी बांधा. नंतर गेली तेव्हा झाकणाला भोकं पाडलेली, पाणी तसंच काठापर्यंत. म्हणजे अर्धं ऐकलं. अर्धा स्टार म्हणूनच.

मांगुराचं आलं म्हणून, थाई मांगूर ठेवत नाहीत, विचारलं तर थेट नाही म्हणाले, चांगलं आहे. थाई म्हणतात त्या आफ्रिकन मांगुराच्या शेतीवर 2000 सालापासून बंदी आहे तरी लपूनछपून विकणारे आहेतच, कत्तलखान्याची घाण खाऊ घालून डबक्यात वाढवलेला.

एक गोष्ट अजून खटकली. आतल्या बाजूला एक फ्रीजर आहे आणि त्यात आंध्राचा बर्फातला माल, तोही याच फ्लेक्सखाली विकतात. विचारलं तर लपवत नाहीत, सांगतात हा आमचा नाही. पण ज्यानं विचारलं नाही तो "इथली मासोळी" म्हणून घेऊन जाणार. एक चिठ्ठी चिकटवा फ्रीजरला, दोन रुपयांचं काम आहे.

चवीबद्दल. कारण शेवटी रिव्ह्यू मासोळीचा आहे. मी रोहू घेतला दीड किलोचा, नेहमीसारखा रस्सा केला, खसखस, सुकं खोबरं, थोडं ज्वारीचं पीठ भाजून, वर तर्री. पीस तुटले नाहीत. मासोळी मरताना खूप तडफडली की अंगातली साखर जळून जाते, मांसात आम्ल वाढते, ती लवकर ताठते आणि लवकर मऊही पडते, मग रस्स्यात उकळी आली की काट्यापासून सुटते. जपानमध्ये इकेजिमे म्हणून पद्धत आहे, मासोळीच्या मेंदूत सरळ सुळा घालून क्षणात मारतात, त्यांनी ती टिकवली चवीपायीच. रक्तही नीट निघालेलं होतं त्यामुळे मांस पांढरं, धुताना पाणी लाल होत राहिलं नाही. मातकट वासही कमी, कारण तलावातून आणल्यावर दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवतात. पूर्ण गेला असं नाही म्हणणार, कटल्याच्या पोटाच्या भागाला थोडा येतोच. आणि तळायची असली तर घरी आणल्याबरोबर तव्यावर टाकू नका, इतकी ताजी मासोळी तव्यावर आक्रसते आणि पीस वाकडे होतात, सकाळी आणून फ्रीजमध्ये ठेवा, संध्याकाळी तळा. आमच्याकडे दुसऱ्या दिवशीचा रस्सा तर पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागला.

आमच्या बाजूच्या काकू माळकरी. त्यांना हे सगळं कौतुकानं सांगायला गेली तर त्या म्हणाल्या, एवढी दया येते तर खाऊच नको ना बाई. याच्यावर माझ्याकडे झकास उत्तर नाही आणि काकूंचं चुकीचं आहे असंही मी म्हणत नाही. त्या खात नाहीत, त्यांचा हिशोब सरळ आहे. पण माझ्या घरात सोमवार, शनिवार, श्रावण सोडून मासोळी होणारच आहे, या शहरात लाखो घरांत होणार आहे, मग ती मरायच्या आधीची पंधरा मिनिटं कशी जावीत हा प्रश्न उरतेच. आणि संख्या बघा. जगभरात पाळलेल्या मासोळ्या वर्षाला किती मरतात याचा अंदाज 2019 सालासाठी 78 ते 171 अब्जाच्या मधे आहे. कोंबडीचा, बकऱ्याचा हिशोब नगावर होते, मासोळीचा टनावर, म्हणून हा आकडा कोणाच्या नजरेत येत नाही. आपल्या देशात 2022-23 मध्ये 175 लाख टन मासोळी झाली, त्यातली बहुतेक गोड्या पाण्याची.

कायद्याचं विचारलं कोणी तर, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आहे, त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे मासोळी आलीच. खाण्यासाठी मारायला सूट आहे, पण विनाकारण वेदना दिल्या तर ती सूट नाही, असं त्यात सरळ लिहिलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. या दुकानात दोन किलोचं कटिंग त्यापेक्षा महाग पडते, तेव्हा पोलिसांच्या भरवशावर बसू नका. गिऱ्हाइकानं मागितलं की दुकानदार करते. आपल्या गावात माफसूसारखं पशू आणि मत्स्य विज्ञानाचं विद्यापीठ आहे, तेलंगखेडीला त्यांचं मत्स्य विज्ञान कॉलेज आहे, तिथल्या मुलांनी शहरातल्या कटिंगवाल्यांना एका दुपारी हे ठोक्याचं आणि डोळा बघायचं शिकवलं तरी किती फरक पडेल. मशीन नको, सबसिडी नको, एक दांडकं आणि ओलं बारदान.

जायचं असलं तर मंगळवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते नऊच्या मधे जा, हौदात गर्दी नसते आणि पोट्ट्याला वेळ असते. वजन करायच्या आधीच सांगा, "आधी ठोका, मग वजन", नाहीतर जिवंत मासोळी तराजूत उडत राहते, वजनही नीट येत नाही आणि काट्यावर भांडण होते. मुंडकं पाहिजे असलं तर तेही आधी सांगा, ठोक्यानं थोडं फुटते, रस्स्याला काही फरक पडत नाही पण सासूबाईंना पडला. पार्किंग नाहीच, गाडी हार्डवेअरवाल्यासमोर लावली तर तो ओरडते. यूपीआय चालते. सोमवारी बंद. कोथिंबीर फुकट मागू नका, देत नाहीत, मी मागून पाहिली.